चूक मुलाच्या अंगावर कोरू नका

कतारची राजधानी दोहा इथल्या सिद्रा मेडिसिन या रुग्णालयाबाहेर डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलाकाराची 14 ब्राँझ शिल्पं उभी आहेत. शुक्राणू आणि स्त्रीबीज भेटतात तिथून मालिका सुरू होते, पेशी विभागत जातात, गर्भ आकार घेतो आणि शेवटी 14 मीटर उंचीचं नवजात बाळ समोर येतं. 2013 मध्ये त्यांचं अनावरण झालं, मग ती बराच काळ झाकलेली होती, 2018 मध्ये पुन्हा उघडली गेली. इतकं उघडं चित्रण सगळ्यांच्या नजरेसमोर असावं का, यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. मला खटकतं ते वेगळंच. एवढ्या प्रचंड मालिकेत गर्भाशय आहे, पण ते जिचं आहे ती बाई कुठेच नाही. डॉक्टर नाही, दाई नाही, कुणाचा हातसुद्धा नाही. मूल आपलं आपणच घडतं आणि एक दिवस जगात येऊन उभं राहतं.

दुसऱ्या टोकाला जेक आणि डिनोस चॅपमन या ब्रिटिश कलाकार भावांचं 1995 मधलं एक काम आहे. दुकानाच्या काचेमागे असतात तसले लहान मुलांचे पुतळे, एकमेकांच्या अंगात विरघळल्यासारखे जोडलेले, पायात खेळाचे बूट, आणि काहींच्या चेहऱ्यावर नाक-तोंडाच्या जागी जननेंद्रियं. कामाच्या लांबलचक शीर्षकात फलित बीजाचा आणि जनुकांचा उल्लेख आहे. 1997 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत भरलेल्या ‘सेन्सेशन’ प्रदर्शनात त्यांचं या धर्तीचं काम फार मोठ्या प्रेक्षकवर्गाने पाहिलं. निर्मितीत ढवळाढवळ केलीत तर असं काहीतरी निपजेल, असा अर्थ त्यातून अनेकांनी काढला, आणि तो काढणं सोपंही होतं.

एकीकडे चमत्कार, दुसरीकडे विकृती. कृत्रिम गर्भधारणेवर शिल्पातून काही सांगायचं म्हटलं की या दोन वाटा आधी सुचतात, आणि दोन्ही वाटांवर नजर खिळते ती मुलाच्या शरीरावर. माझा आक्षेप इथेच आहे. या तंत्रज्ञानात चुका होतात, काही भयंकर होतात, पण त्या मुलात नसतात. त्या डबीवरच्या लेबलात असतात, गोठवण्याच्या टाकीत असतात, नीट न बदललेल्या पिपेटमध्ये, म्हणजे थेंब उचलायच्या बारीक नळीत, न वाचता घेतलेल्या सहीत, मुद्दाम दडवलेल्या नोंदीत असतात. ज्या शिल्पकाराला या विषयातली नीती गांभीर्याने मांडायची आहे, त्याने मुलाच्या शरीरावरून नजर काढून हाताळणीकडे वळवली पाहिजे. चूक दाखवताना मूलच चूक आहे असं दिसलं, तर ते शिल्प अन्यायात भर घालतं.

घडलेल्या गोष्टी पाहू. 1993 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या उपचारांनंतर एका गोऱ्या जोडप्याला जुळी मुलं झाली. एक गोरं, एक सावळं. आधी वापरलेल्या पिपेटमध्ये दुसऱ्या पुरुषाचे शुक्राणू राहून गेले होते, असा निष्कर्ष निघाला. 2002 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्समध्ये असाच प्रकार उघड झाला. तिथे तर चुकीच्या पुरुषाचेच शुक्राणू वापरले गेले होते. पुढच्या वर्षी न्यायालयाला ठरवावं लागलं की ज्याच्या घरी ती जुळी वाढताहेत तो माणूस कायद्याने त्यांचा बाप आहे की नाही. नाही, असं न्यायालय म्हणालं, कारण जे घडलं त्याला त्याने संमती दिलेलीच नव्हती. मुलं मात्र त्याच घरात राहिली. 2019 मध्ये न्यूयॉर्कच्या एका आशियाई वंशाच्या जोडप्याला कॅलिफोर्नियातल्या उपचारांनंतर दोन मुलगे झाले. ते दोघे या जोडप्याचे नव्हते, आणि एकमेकांचे भाऊही नव्हते. दोन वेगवेगळ्या जोडप्यांचे भ्रूण एकाच बाईच्या गर्भाशयात सोडले गेले होते. नऊ महिने पोटात वाढवलेली ती दोन्ही मुलं तिने ज्यांचे ते भ्रूण होते त्या जोडप्यांना परत दिली.

यातलं एकही मूल विद्रूप नव्हतं. एकाच्याही शरीरात काही बिघडलेलं नव्हतं. ती इतर कुठल्याही मुलांइतकीच धडधाकट होती. मग चॅपमन बंधूंच्या त्या जोडलेल्या पुतळ्यांकडे पाहताना मनात प्रश्न येतो की उद्या यांच्यापैकी एखादं मूल मोठं होऊन या शिल्पासमोर उभं राहिलं तर त्याला आपल्याबद्दल काय वाटावं? आपल्या जन्माची हकिगत सांगायला कलेने राक्षस निवडला, एवढंच.

या घटनांमध्ये आणखी एक गोष्ट आहे आणि तिच्यावर फार कमी बोललं जातं. उट्रेख्ट, लीड्स, न्यूयॉर्क, तिन्ही ठिकाणी चूक उघड झाली ती मुलांच्या रूपावरून. कातडीचा रंग वेगळा निघाला, चेहरेपट्टी वेगळी निघाली, म्हणून कुणीतरी विचारलं. दोन्ही जोडपी एकाच वंशाची असती तर? आई-बापांनी ‘आजोबांवर गेलाय’ म्हणून समाधान मानलं असतं आणि उपचार केंद्राच्या नोंदीत सगळं बिनचूक राहिलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये 2025 साली उजेडात आलेलं प्रकरण म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. एका जोडप्याने आपले उरलेले गोठवलेले भ्रूण दुसऱ्या केंद्रात हलवायला सांगितले, तेव्हा मोजणीत एक भ्रूण जास्त भरला. जास्त का, याचा माग काढला तेव्हा कळलं की बाईच्या पोटी जन्मलेलं मूल दुसऱ्याच जोडप्याचं आहे. मुलाकडे पाहून कुणाला शंका आली नव्हती. उरलेल्या भ्रूणांचा हिशेब लागला नाही म्हणून ही चूक सापडली.

शिल्प ही डोळ्यांना दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या वस्तूची कला. म्हणूनच तिच्यावर इथे मोठी जबाबदारी येते. जे दिसतं ते दाखवायला बातमी पुरते. जे दिसलंच नाही, मोजलंच गेलं नाही, त्याला आकार देणं हे शिल्पकाराचं काम आहे.

इथे चुकांची जात तपासून घेतली पाहिजे, कारण सगळं एकाच टोपलीत टाकलं जातं. उपचारांचं एखादं आवर्तन फसणं ही चूक नव्हे. आयव्हीएफची, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात बीज फलित करण्याच्या उपचारांची, बरीचशी आवर्तनं मूल न होताच संपतात आणि त्यात बहुतेक वेळा कुणाचा दोष नसतो. त्या दुःखाचा शिल्पाशी संबंध आहे, पण न्यायाशी नाही. लेबलांची अदलाबदल ही चूक. आणि डॉक्टरने स्वतःचंच वीर्य वापरणं ही फसवणूक. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये डोनाल्ड क्लाइन या डॉक्टरने 1970 आणि 1980च्या दशकांत अज्ञात दात्याचं म्हणून आपलंच वीर्य रुग्ण स्त्रियांना दिलं. घरबसल्या करता येणाऱ्या डीएनए चाचण्या स्वस्त झाल्या तेव्हा अनोळखी माणसं एकमेकांची सावत्र भावंडं निघू लागली. हा आकडा 90च्या पुढे गेला. त्याच्यावर गुन्हा सिद्ध झाला तो तपासात खोटं बोलल्याचा. मूळ कृत्यासाठी तेव्हा तिथे वेगळा कायदाच नव्हता. इंडियाना राज्याने तो 2019 मध्ये केला. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये यान कारबाट या दिवंगत डॉक्टरची 49 मुलं डीएनएवरून निश्चित झाली. या दोघांनी केलेलं काम आणि पिपेट बदलायला विसरलेल्या तंत्रज्ञाचं काम एकाच मापाने तोलता येणार नाही. ‘तंत्रज्ञानाची भीषणता’ असा मोघम विषय घेऊन केलेलं शिल्प मात्र नेमकं हेच करतं. दोषी माणूस धुक्यात हरवतो आणि आरोपीच्या पिंजऱ्यात काचेची नळी उभी राहते.

2018च्या नोव्हेंबरात चीनमधल्या ह जियानकुइ या संशोधकाने जनुकीय बदल केलेल्या जुळ्या मुली जन्माला आल्याचं जाहीर केलं, तेव्हाही सगळीकडे ‘हव्या तशा घडवलेल्या बाळां’ची चित्रं फिरली. प्रत्यक्षात न्यायालयासमोर आलेल्या गोष्टींत नैतिक परीक्षणाची बनावट कागदपत्रं होती. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. त्या मुलींचं शरीर हा आपल्या कुतूहलाचा विषय असायचं काही कारण नाही. तो खोटा कागद मात्र पुतळ्याइतका मोठा करून दाखवावा असा आहे.

आता आकाराविषयी. मोठं करणं हे शिल्पकाराच्या हातातलं जुनं साधन. स्त्रीबीज साधारण 0.1 मिलिमीटरचं असतं, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपका दिसावा एवढं. पाचव्या दिवशीच्या भ्रूणात शंभर-दोनशे पेशी असतात, पण तो फारसा वाढलेला नसतो. या ठिपक्याला 10-15 मीटरचं केलं की एक निर्णय आपोआप होऊन जातो: हे मूल आहे, माणूस आहे, आपल्यापेक्षाही थोर आहे. पाहणाऱ्याला विचार करायला जागाच उरत नाही. भ्रूण म्हणजे नेमकं काय, हा या क्षेत्रातला सर्वांत अवघड प्रश्न. ब्रिटनमध्ये तत्त्वज्ञ मेरी वॉरनॉक यांच्या समितीने 1984 मध्ये या प्रश्नावर पुष्कळ खल करून 14 दिवसांची मर्यादा सुचवली: त्यापुढे भ्रूण प्रयोगशाळेत वाढवायचा नाही. त्या समितीतल्या लोकांची मतं एक नव्हती, तरी एक रेषा आखून पुढे जाता आलं. एवढ्या कष्टाने सांभाळलेली अनिश्चितता शिल्पाच्या आकाराने एका फटक्यात पुसली जाते.

हेलन चॅडविक या ब्रिटिश कलावतीने वेगळा मार्ग काढला होता. 1995 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयाच्या वंध्यत्व उपचार विभागात तिने काही काळ निवासी कलाकार म्हणून काम केलं. गर्भाशयात सोडण्याजोगे नसलेले, म्हणून बाजूला ठेवलेले भ्रूण तिने सूक्ष्मदर्शकातून टिपले आणि ती छायाचित्रं पारदर्शक ॲक्रिलिकखाली हिऱ्या-मोत्यांच्या दागिन्यांसारखी मांडली. दागिना म्हटलं की निवड आली, पारख आली, खडा नापसंत करणं आलं. भ्रूणतज्ज्ञ रोज सूक्ष्मदर्शकाखाली तेच करतो: हा चांगला, हा बरा, हा टाकाऊ. चॅडविकने भ्रूणाला बाळही केलं नाही आणि कचराही केलं नाही. पारखणाऱ्या नजरेलाच तिने समोर आणलं. ती 1996 मध्ये अवघ्या 42व्या वर्षी गेली. या विषयावर तिला आणखी दहा वर्षं मिळायला हवी होती, असं मला नेहमी वाटतं.

कायद्याला अशी सवलत नसते. 2020च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका रुग्णालयात कुणी रुग्ण भ्रूण गोठवून ठेवलेल्या खोलीत शिरला. साठवणीचं तापमान उणे 196 अंश सेल्सिअसच्या आसपास. त्याने हात घालून भ्रूण उचलले, थंडीने हात पोळला, आणि ते जमिनीवर पडून नष्ट झाले. जोडप्यांनी दावा लावला. 2024च्या फेब्रुवारीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अल्पवयीन मुलाच्या मृत्यूबद्दल भरपाई देणारा 1872चा कायदा या भ्रूणांनाही लागू होतो. लगेच काही केंद्रांनी उपचारच थांबवले, आणि मार्चमध्ये विधिमंडळाने केंद्रांना संरक्षण देणारा कायदा घाईघाईने केला. म्हणजे आधी ‘हे मूल आहे’, आणि महिनाभरात ‘पण मोडलं तर केंद्राला जबाबदार धरायचं नाही’. ज्या जोडप्यांचं नुकसान झालं त्यांच्या दुःखाला या दोन्हींत नेमकी जागा कुठे मिळाली, ते मला कळलेलं नाही. न्यायालयापुढे दोनच कप्पे असतात, व्यक्ती किंवा वस्तू. त्या जोडप्यांनी गमावलं ते यांपैकी एकाही कप्प्यात नीट बसत नाही.

शिल्प तिसरी जागा देऊ शकतं आणि ते याआधी दिलेलं आहे. जपानमध्ये जन्माला न आलेल्या, जन्मताच गेलेल्या मुलांसाठी जिझोच्या, म्हणजे मुलांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या बोधिसत्त्वाच्या, लहान दगडी मूर्ती ठेवतात. टोकियोच्या झोजोजी मंदिराच्या आवारात त्यांच्या रांगाच्या रांगा आहेत, डोक्यावर लाल टोप्या, शेजारी भिरभिरी. गेलेला जीव कायद्याच्या लेखी माणूस होता का, हे ती मूर्ती विचारत नाही. हे दुःख खरं आहे, एवढं ती मान्य करते. मूर्ती लहान आहेत, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. या प्रथेवर टीका झाली आहे, शोक करणाऱ्यांच्या अपराधभावनेचा व्यापार होतो असंही म्हटलं गेलं आहे, आणि ती टीका दुर्लक्षण्याजोगी नाही. तरीही गर्भाला अवाढव्य न करता त्याचं स्मरण करता येतं, हे या रांगांनी दाखवून दिलं आहे.

आणखी मागे गेलं तर मथुरेच्या कंकाली टीला इथे सापडलेलं कुषाणकालीन जैन शिल्प आठवतं. बोकडाच्या तोंडाचा देव बसलेला आहे आणि ‘भगवा नेमेसो’ असा लेख कोरलेला आहे. हा हरिणैगमेषी. कल्पसूत्र या जैन ग्रंथातल्या कथेनुसार इंद्राच्या आज्ञेवरून त्याने महावीरांचा गर्भ ब्राह्मणी देवानंदेच्या उदरातून क्षत्रियाणी त्रिशलेच्या उदरात नेला. ही श्रद्धेची कथा आहे. ती प्राचीन प्रयोगशाळेचा पुरावा म्हणून मांडणारे लोक कथेचाही अपमान करतात आणि विज्ञानाचाही. मला तिच्यात वेगळं काही दिसतं. शिल्पकाराने नेणाऱ्याला कोरलं. गर्भ कुणीतरी उचलला, कुणाच्या तरी हुकमावरून, हे दगडात राहिलं. आणि कथेने तर अधिकच धैर्य दाखवलं: देवानंदेला गाढ झोप लावून गर्भ नेला, म्हणजे तिला विचारलं गेलं नाही, हेही तिने नोंदवून ठेवलं. पुढे भगवतीसूत्र या दुसऱ्या जैन ग्रंथात देवानंदा महावीरांसमोर येते तेव्हा तिच्या स्तनांतून दूध पाझरतं आणि ही माझी आई आहे असं महावीर सांगतात. जिच्या पोटातून गर्भ काढून घेतला गेला तिचं आईपण त्या परंपरेने पुसलं नाही. न्यूयॉर्कच्या त्या बाईने परत दिलेल्या दोन मुलांच्या बाबतीत आजच्या कुठल्या कागदपत्रात एवढी दखल असेल?

हाताळणाऱ्याला विसरण्याची सवय यशाच्या गोष्टीतही दिसते. 25 जुलै 1978 रोजी इंग्लंडमधल्या ओल्डहॅममध्ये लुईस ब्राउन जन्मली, आयव्हीएफने जन्मलेलं जगातलं पहिलं मूल. रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो ही नावं जगाला माहीत झाली. एडवर्ड्सना 2010 मध्ये नोबेल मिळालं. जीन पर्डी ही तिसरी. परिचारिका म्हणून सुरुवात केलेल्या या बाईनेच काचपात्रातल्या त्या भ्रूणाचं विभाजन सर्वांत आधी पाहिलं. ओल्डहॅममध्ये स्मृतिफलक लावायचा ठरला तेव्हा तिचंही नाव हवं, असं एडवर्ड्सनी पुन्हा पुन्हा लिहून कळवलं. ऐकलं गेलं नाही. ती 1985 मध्ये, चाळिशीही न गाठता गेली. तिचं नाव असलेला फलक लागायला 2015 उजाडलं. प्रयोगशाळेत हात कुणाचे होते हे यशाच्या वेळी कोरायला आपण तयार नव्हतो. मग चूक झाल्यावर ‘नेमकं कुणाकडून’ याचं उत्तर सापडत नाही, यात नवल कसलं?

चुकांसाठी शिल्प करण्याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. अठराव्या शतकात फ्रान्समधली सुईण आंजेलिक द्यु कुद्रे हिने कापड, चामडं आणि भरणीचं सामान वापरून बाईचं ओटीपोट, गर्भाशय आणि आतलं बाळ बनवलं. 1759 मध्ये राजाची अधिकृत परवानगी घेऊन ती वर्षानुवर्षं गावोगाव फिरली आणि त्या बाहुलीवर सुईणींना बाळंतपण शिकवलं. आडवं आलेलं मूल, गळ्याला नाळ, जुळी, सगळं त्या बाहुलीवर करून पाहायचं. हात चुकला तर चुकू द्यायचा, कारण समोर कापड आहे. तिचा एक नमुना फ्रान्समधल्या रुआं शहराच्या वैद्यकीय संग्रहालयात आजही आहे. फ्लॉरेन्सच्या ला स्पेकोला संग्रहालयातल्या मेणाच्या सुंदर स्त्रिया, ज्यांचं पोट थराथराने उघडतं आणि शेवटी गर्भ दिसतो, त्यांच्याविषयी कलेच्या इतिहासात भरभरून लिहिलं गेलं. द्यु कुद्रेची ओबडधोबड बाहुली कलेत धरलीच जात नाही. नीतीच्या कसोटीवर मी तिला त्या मेणाच्या सौंदर्यवतींच्या कितीतरी वर ठेवेन. बाईच्या शरीरावर होणारी चूक तिने आधी स्वतःवर घेतली.

मुलाचं किंवा आईचं शरीर शिल्पात आणूच नये असा माझा अर्थ कुणी घेऊ नये. मार्क क्विन या ब्रिटिश शिल्पकाराने ॲलिसन लॅपर या हात नसलेल्या, आखूड पायांच्या कलावतीचं गरोदरपणातलं शिल्प पांढऱ्या संगमरवरात केलं आणि ते 2005 ते 2007 लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात साडेतीन मीटर उंचीने उभं होतं. भ्रूणांची जनुकीय तपासणी करून ‘योग्य’ तेवढेच निवडण्याची सोय 1990 पासून आहे. त्या काळात हे शिल्प जिवंत, नावगाव असलेल्या बाईला तिच्या संमतीने मोठं करतं, आणि कोण जन्मायला लायक हा प्रश्न पाहणाऱ्याच्या समोर ठेवतं. इथे आकाराने विचार थांबत नाही, उलट सुरू होतो. पॅट्रिशिया पिचिनीनी या ऑस्ट्रेलियन शिल्पकर्तीचं ‘द यंग फॅमिली’ही मी याच बाजूला धरतो. 2003च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शनात ते दाखवलं गेलं. माणूस आणि डुक्कर यांच्या मधलं काहीतरी, सिलिकॉनचं, खऱ्या केसांचं, कुशीवर पडून पिल्लांना पाजणारं. त्या मादीचे डोळे थकलेले आहेत. आधी किळस येते, मग तिचा थकवा ओळखीचा वाटतो, आणि आपण हिला बनवलं असेल तर हिची काळजी कोण घेणार, हा प्रश्न उरतो. तरी तिथेही नवलाईचं ओझं त्या प्राण्याच्याच अंगावर आहे, ही माझी तक्रार पूर्णपणे मिटत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. जगात साधारण सहापैकी एका माणसाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं. 2018 पर्यंतच 80 लाखांहून अधिक मुलं या तंत्राने जन्मली होती. आधीच लोकांची बोलणी खाणाऱ्या जोडप्यांसमोर चुकांची शिल्पं कशाला उभी करायची? ती घाबरतील. मला हा युक्तिवाद पटत नाही, कारण तो त्या जोडप्यांना लहान समजतो. ज्या बाईने रोज पोटात सुई टोचून घेतली आहे, बेशुद्ध होऊन बीजं काढून घेतली आहेत, निकालाच्या फोनची वाट पाहिली आहे, ती लेबल तपासण्याच्या नुसत्या उल्लेखाने पळून जाणार नाही. उलट ती विचारील की माझ्या डबीवरचं नाव दुसऱ्या माणसाने वाचून खात्री केली का? लीड्सनंतर ब्रिटनमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या टप्प्यावर दुसऱ्या व्यक्तीच्या साक्षीची पद्धत घट्ट झाली. हा प्रश्न रुग्णाच्या तोंडी आणणं ही भीती पसरवणं नव्हे.

चुका फार क्वचित होतात, हे दुसरं उत्तर नेहमी दिलं जातं. क्वचित होत असतीलही. पण ज्या चुका फक्त कातडीच्या रंगावरून किंवा योगायोगाने शिल्लक राहिलेल्या भ्रूणावरून सापडतात, त्यांचं प्रमाण कुणी कसं काढलं, हे आधी सांगावं लागेल.

म्हणून माझी मागणी साधी आहे. रुग्णालयांनी, केंद्रांनी आपल्या दारात बाळांची शिल्पं लावावीत, लावू द्या. पण या विषयातल्या नीतीवरचं सार्वजनिक शिल्प केंद्राच्या पैशातून होऊ नये. नियामक संस्था, विद्यापीठं, भ्रूणतज्ज्ञ घडवणाऱ्या संस्था यांनी ते करवून घ्यावं, आणि ते संग्रहालयाआधी त्या प्रशिक्षणाच्या जागी असावं, जिथे पिपेट पहिल्यांदा हातात धरला जातो. शिल्पकाराने प्रयोगशाळेत काही महिने बसावं, जसं चॅडविकने केलं. दात्यांच्या बीजातून जन्मलेली माणसं आता तिशी-चाळिशीत आहेत. त्यांच्याशी बोलल्याशिवाय मातीला हात लावू नये.

सुरुवात 2018च्या मार्चमधल्या त्या शनिवार-रविवारपासून करता येईल. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडजवळच्या एका केंद्रात टाकीचं तापमान वाढत गेलं, दूरवरून इशारा देणारी यंत्रणा बंद होती, आणि 4,000 हून जास्त स्त्रीबीजं आणि भ्रूण गेले. त्याच दोन दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोतल्या दुसऱ्या केंद्रातली टाकी निकामी झाली आणि सुमारे 3,500 बीजं आणि भ्रूण धोक्यात आले. तिथल्या खटल्यात 2021 मध्ये ज्यूरीने पाच जणांना मिळून जवळपास 1.5 कोटी डॉलर भरपाई ठरवली आणि बहुतेक जबाबदारी टाकी बनवणाऱ्या कंपनीवर टाकली. मला या घटनेचं शिल्प हवं आहे, आणि त्यात टाकी तिच्या खऱ्या मापाची हवी, एक इंचही मोठी नको. बंद असलेला इशाऱ्याचा दिवा हवा. रात्रपाळीला कुणी होतं की नव्हतं, हे दिसायला हवं. त्या हजारो बीजांमधली काही अशा स्त्रियांची होती ज्यांनी कर्करोगावरच्या उपचारांआधी ती ठेवली होती आणि ज्यांना पुन्हा संधी नव्हती. हे माहीत असलेल्या माणसाने ते शिल्प करायला हवं. आणि त्यात कुठे मूल दाखवायचं की नाही, हे ज्यांचं नुकसान झालं त्या कुटुंबांनी ठरवावं. शिल्पकाराला तो अधिकार नाही, आणि केंद्राला तर मुळीच नाही.